तुबलीच्या शटरवरच्या रेघा

मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकेने मला विषय दिला होता, ‘आखातातील स्त्री अभियंत्याची वाटचाल’. मी म्हटलं, अगं, मी चालले कुठे? चाळीस वर्षं बहरीनमध्ये एसी गाडीतून साइटवर गेले आणि एसी खोलीत बसून रेघा मारल्या. वाटचाल राहू दे, मी एका चुकीबद्दल लिहिते. चूक अस्सल माझी आहे, कोणाची उसनी आणलेली नाही. ती निस्तरायला जपानी सरकारचे कायदे आणि म्हसळ्याचा एक गाड्या रंगवणारा, असे दोघे कामी आले. संपादिका जरा घाबरून म्हणाली, “काकू, पण प्रेरणादायी होईल ना?” म्हटलं, बघू.

आधी धंदा काय तो सांगते, कारण माझ्या सख्ख्या नातीलाही तो नीट ठाऊक नाही. तन्वी मैत्रिणींना सांगते, “माय आजी डिड गटर्स.” खोटं नाही. पावसाचं पाणी कुठून येईल, कुठे साचेल आणि कुठून बाहेर काढायचं, हे ठरवून त्याचे नकाशे करायचे, हे माझं काम. अलिबागच्या मुलीला हे काम बहरीनमध्ये मिळालं, हे ऐकून माहेरी सगळे पोट धरून हसले होते. वडील म्हणाले, “वाळवंटात गटारं? पगार वेळेवर देतात ना, मग बांध!”

आणि खरं सांगू, चोवीस वर्षांची ती बयाही मनातून हसतच विमानात बसली होती. ती बया म्हणजे मी. पुढे बऱ्याच वेळा येणार आहे ती, म्हणून ओळख करून ठेवते. पहिल्याच आठवड्यात सीनियरने तिच्या टेबलावर एका वसाहतीचा नकाशा ठेवला, त्यात पावसाच्या पाण्याचे पाइप दाखवले होते. बयेला वाटलं, कोणीतरी चुकून भारतातला नकाशा उचललाय. तिने रबर घेतलं आणि सगळे पाइप पुसून टाकले. वर सीनियरला जाऊन सांगितलं, “सर, मी दुरुस्ती केलीय. इथे पाऊस कुठे पडतो?”

सीनियर शांत माणूस होता. म्हणाला, “वर्षातून चार दिवस पडतो. पण त्या चार दिवसांत त्याला जायला जागा नसते.”

ती मेख समजायला मला दोन हिवाळे लागले. बहरीन तव्यासारखं सपाट आहे. उतार नाही, तर पाणी वाहणार कुठे? चारी बाजूंना समुद्र, आणि जमिनीखाली हातभरावर खारं पाणी, त्यामुळे शोषखड्डा खणला तर तो आधीच भरलेला. त्यात रस्ते. दर वेळी डांबराचा नवा थर चढतो, रस्ता उंच होतो आणि जुनी घरं जागच्या जागी खाली जातात. एकेकाळी दोन पायऱ्या चढून जायचं त्या घरात आता तीन पायऱ्या उतरून जावं लागतं. मग पाऊस आला की ते पाणी मोठ्या सोंडेच्या टँकरने उपसून न्यायचं. मी आले तेव्हाही टँकर होते, आजही आहेत.

आता चुकीकडे येते.

काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसला एका क्लायंटने काम दिलं: कुठल्या वस्तीत पावसाचं पाणी किती साचतं, त्याचा नकाशा करा. तो मी केला. तेव्हा मी अवघी साठीची होते, अक्कल यायला अवकाश होता. मी काय केलं, मागच्या काही वर्षांत पाणी साचल्याच्या ज्या तक्रारी फोनवरून आल्या होत्या, त्यांची यादी मागवली आणि त्याप्रमाणे रंग भरले. घोट्याएवढ्या पाण्याला फिकट निळा, गुडघ्याएवढ्याला गडद निळा. जिथून तक्रार नाही तो भाग पांढरा. व्हिलांच्या वस्त्या निळ्याभोर झाल्या, कारण व्हिलावाले पोर्चमध्ये कार्पेट भिजलं तरी फोन करतात. तुबली भागातल्या गॅरेजांच्या गल्ल्या दुधासारख्या पांढऱ्या राहिल्या. नकाशा दिसायला इतका सुरेख झाला की बयेने तो लॅमिनेट करून ऑफिसच्या पॅसेजमध्ये लावला आणि त्याच्याशेजारी उभं राहून फोटोही काढून घेतला. हातात पेन, चेहऱ्यावर जगाला वाचवल्याचा भाव.

त्याच सुमाराला रुक्साना माझ्याकडे आली. माहूज भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या खालच्या मजल्यावर राहते. माणसं म्हसळ्याची, नवरा इथे एका गोदामात सुपरवायझर. हिला नर्सरी काढायची होती, आपल्याकडे बालवाडी म्हणतात ती. तुबलीला गॅरेजांच्याच एका गल्लीत एका दुमजली घराचा तळमजला मिळत होता. वरच्या मजल्यावर घरमालकीण उम्म खालिद एकटी राहायची.

“आंटी, तुम्ही पाण्यातल्या ना,” रुक्साना म्हणाली. “तीन पायऱ्या उतरून जावं लागतं. माझं मन खातंय.”

मी तिला ऑफिसात नेलं. पॅसेजमधल्या नकाशावर त्या गल्लीवर बोट ठेवलं. “हे बघ. पांढरंशुभ्र. बिनधास्त घे.”

तिने घेतलं. बावीस पोरं आली. अडीच ते साडेचार वर्षांची, आईबाप दोघेही नोकरीवर.

मग जपान. ऑफिसातले आमचे वरिष्ठ बर्वेसाहेब म्हणाले, “मॅडम, रिटायर व्हायच्या आधी तेवढं बघून या.” आमच्यासारख्या देशांतल्या इंजिनियरांसाठी तीन आठवड्यांचा पूरनियंत्रणाचा कोर्स होता. आम्ही पंधरा जण, सगळ्यांना एकच बघायचं होतं: टोकियोजवळ जमिनीखाली पुराचं पाणी साठवायची ती अवाढव्य टाकी, देवळाच्या सभामंडपासारखे खांब असलेली. मी तर फोटोसाठी रेशमी साडी घेऊन गेले होते.

आमचे शिक्षक मोरिता-सान, नदीखात्यातून निवृत्त झालेले, माझ्याच वयाचे, काडीसारखे. ते म्हणाले, “टाकी शेवटच्या दिवशी.” आणि पहिल्या दिवशी आम्हाला एका साध्या गल्लीत विजेच्या खांबाशी नेऊन उभं केलं. खांबावर, माझ्या डोक्याच्या हातभर वर, एक छोटी निळी पाटी होती. पूर आला तर पाणी इथपर्यंत येऊ शकतं, असं त्यावर लिहिलेलं. खाली भाजीवाली भाजी विकत होती. पाटीकडे तिचं लक्ष नव्हतं, पण पाटी तिथे होती.

पुढचे दिवस मोरिता-सान आम्हाला कायदा शिकवत होते, आणि शिकवता शिकवता दर थोड्या वेळाने स्वतःच्याच सरकारची चेष्टा करत होते, त्यामुळे मला झोप आली नाही. त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत सांगते.

त्यांच्याकडे प्रत्येक नदीला एक मालक असतो. मोठी नदी केंद्रातल्या मंत्र्याची, मधली प्रांताच्या गव्हर्नरची, लहान ओढा नगरपालिकेचा. म्हणजे ‘हे आमच्या खात्यात येत नाही’ असं म्हणायची सोय कमी. मोठ्यात मोठा पाऊस पडला तर पाणी कुठवर येईल, याचा नकाशा करायलाच लागतो आणि तो नगरपालिकेने लोकांपर्यंत पोचवायचा असतो. घर विकताना किंवा भाड्याने देताना दलालाला कराराआधी तो नकाशा उघडून, हे घर यात इथे आहे, असं समोरच्याला दाखवून सांगावं लागतं. समोर बसून, तोंडाने. नुसता कागद हातात देऊन चालत नाही. शाळा, दवाखाना, वृद्धाश्रम, पाळणाघर अशा जागा धोक्याच्या भागात असतील तर सुटकेचा आराखडा लिहून द्यायचा आणि त्याची तालीम करायची. इशाऱ्याच्या पाच पायऱ्या. तिसरीवर म्हातारे आणि हळू चालणारे निघतात, चौथीवर सगळे. पाचवी पायरी म्हणजे तुम्हाला उशीर झालाय. अलीकडच्या कायद्याने तर नदीचं काम एकट्या नदीखात्याचं ठेवलेलंच नाही. भातखाचरांनी पाणी अडवायचं, शाळेच्या मैदानाने तळं व्हायचं, आणि काही ठरावीक खोऱ्यांत मोठी जमीन सिमेंटने झाकणाऱ्याने आपल्या वाटचं पाणी आपल्याच आवारात साठवायचं.

आणि गावोगावी पूर-पथकं. शेतकरी, न्हावी, दुकानदार, सगळे आपापले धंदे सांभाळून. पाऊस वाढला की बांधावर गस्त घालायची, वाळूच्या गोण्या रचायच्या. कायद्यातच त्यांना जागा आहे. त्यांची कवायत बघताना मला एकदम वडील दिसले. आमच्याकडे खाडीच्या बांधाची राखण गावातली जोळ करायची. जोळ म्हणजे त्या बांधामागे ज्यांची शेतं, त्या सगळ्यांची मिळून टोळी. उधाणाच्या दिवशी वडील फावडं घेऊन निघायचे आणि बांधाला खांड पडली तर तिथेच कमरेएवढ्या चिखलात उभे राहायचे. शिकलेल्या बयेला त्यांची लाज वाटायची. इंजिनियर मुलीचा बाप, आणि चिखलात! इथे तोच चिखल जपानच्या कायद्यात लिहिलेला पाहिला आणि मान खाली गेली.

दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने आपापल्या देशातला नकाशा दाखवायचा होता. मी माझा लाडका नकाशा पडद्यावर लावला. मोरिता-सान उठून पडद्याजवळ गेले.

“फार सुंदर,” ते म्हणाले. “हा पांढरा भाग. इथे कोण राहतं?”

“गॅरेजं आहेत. कामगार असतात.”

“त्यांना विचारलंत?”

“त्यांची तक्रार नाही.”

“तक्रार नाही,” मोरिता-सान अगदी नम्रपणे म्हणाले, “की ते फोन करत नाहीत?”

मग मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी आपल्याच घरची गोष्ट सांगितली. त्यांच्याकडे आधी फक्त मोठ्या नद्यांचे नकाशे करायचा नियम होता. लहान ओढ्यांचा अभ्यासच नव्हता, म्हणून तिथे नकाशा पांढरा. लोकांना वाटलं, पांढरं म्हणजे सुरक्षित. पाणी ओढ्यांतूनही आलं. शेवटी कायदा बदलून लहान नद्याही त्यात घेतल्या. “मी खात्यात असताना तो पांढरा भाग माझ्या सहीने छापला गेलाय,” ते म्हणाले. “पांढरं म्हणजे कोरडं नाही, मॅडम. पांढरं म्हणजे इथे अजून कोणी विचारलेलं नाही.”

त्या दिवशी जेवताना माझ्या काड्यांमधून भात तीनदा पडला. एरवी दोनदाच पडायचा. डोळ्यांसमोर रुक्सानाच्या त्या तीन पायऱ्या होत्या. शेवटच्या दिवशी आम्ही ती टाकी पाहिली. भव्य आहे. रेशमी साडी मी बॅगेतून काढलीच नाही.

परत आल्यावर सामान तसंच टाकून तुबलीला गेले. रुक्सानाच्या नर्सरीआधी दोन घरं एक डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. एक पांढऱ्या दाढीचा माणूस गाडीच्या दाराला पुट्टी लावत होता. मी हिंदीत सुरुवात केली, “भाईसाब, यहाँ बारिश का पानी...”

त्याने माझ्याकडे पाहिलं. “मराठी ना गो तू? कुठली?”

“अलिबागची.”

“मग हिंदी कशाला फाडतेस, बाय? मी म्हसळ्याचा. उस्मान.”

“उस्मानभाई, इथे पावसाचं पाणी येतं का?”

“येतं म्हनजे? का नाय येनार?” त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि मला आतली बाजू दाखवली.

शटरच्या चौकटीवर, आतून, आडव्या रेघा होत्या. सहा-सात, वेगवेगळ्या रंगांच्या, गाड्यांच्या चकचकीत रंगातल्या. पाणी उतरलं की जिथवर ओल आली तिथे, त्या दिवशी गॅरेजात जी गाडी रंगायला असेल तिच्या उरलेल्या रंगाने रेघ मारायची, ही त्यांची पद्धत. शेजारी बारीक अक्षरात गाडीचं नाव. ‘डॉक्टरीणबाईची मरून.’ ‘पठानाचा हिरवा ट्रक.’ ‘शाळेची पिवली बस.’ तारीखबिरीख नाही. कुठल्या वर्षी कोणाची गाडी होती ते त्यांना पाठ. सगळ्यात वरची रेघ मरून, माझ्या मांडीपर्यंत. मी चौकटीला खेटून उभी राहून बघितलं. मग मनात रुक्सानाच्या तीन पायऱ्या खाली उतरले आणि तीच रेघ अडीच वर्षांच्या पोराच्या उंचीला लावून पाहिली. ती त्याच्या डोक्यावरून गेली.

“एवढं पाणी येतं तर कधी फोन का नाही केलात?” मी जवळजवळ ओरडलेच.

उस्मानभाईने वर बोट दाखवलं. पत्र्याखाली लाकडी माळा होता, शिडीने चढायचा. त्यावर अकरा गाद्या, ओळीने. “आमी हितंच झोपतो, बाय. गॅरेजात राहायची परवानगी नाय. फोन केला की मानूस बघायला येनार. पानी बघनार आनि माळा पन बघनार. मग?” तो पुन्हा पुट्टीकडे वळला. “पानी दोन दिवसांत जातं. व्हिसा गेला की गेला.”

जन्मभर पाण्याचे नकाशे केले, पण माणसं पाण्यापेक्षा तपासणीला जास्त घाबरत असतील, हे नकाशात कुठे दाखवायचं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

“रेघा लिहू का मी?” मी विचारलं.

“रेघा लिही. माळा लिहू नको.”

मी शब्द दिला आणि पाळला.

ऑफिसात बर्वेसाहेब म्हणाले, “मॅडम, क्लायंटने सही केलीय. खलास. आता कुठे काढता?” मी म्हटलं, साहेब, नकाशा चुकलाय आणि तो मी चुकवलाय, असं पत्र मी लिहिते, तुम्ही फक्त पुढे पाठवा. त्यांनी पेपरवेट बाजूला सरकवला. मग म्हणाले, “तुमच्या नावाने कशाला? ऑफिसच्या नावाने लिहा. पण त्या नकाशाशेजारचा तुमचा फोटो काढून टाका, बुवा.” फोटो मी त्याच दिवशी काढला.

पण ते पत्र क्लायंटकडे क्लायंटच्याच चालीने सरकणार होतं, आणि हिवाळा तोंडावर होता. इथे मोरिता-सानचा कायदा लागू नव्हता. मी ठरवलं, निदान एका घरात तरी लावायचा. शनिवारी रुक्सानाच्या समोर बसले. मध्ये टेबल, टेबलावर नवा नकाशा. दलालाने वाचावं तसं वाचलं: ही जागा इथे आहे. पाणी गॅरेजांच्या बाजूने येईल. तुझ्या दाराशी यायला अर्ध्या तासाहून जास्त लागणार नाही. आत पोराच्या डोक्याहून वर जाऊ शकेल.

रुक्सानाने त्या गल्लीवर बोट ठेवलं. “आंटी, तुम्हीच बोट ठेवलं होतं ना? पांढरंशुभ्र म्हणालात.”

“म्हणाले होते.”

“आता निळं म्हणताय.”

“आधी न विचारता म्हणाले होते. आता विचारून आले.”

ती रडली नाही, रागावली. “माझी चूक काय होती? मी तर तुम्हाला विचारूनच घेतलं!” वर्ष संपेपर्यंत जागा सोडणं तिला शक्य नव्हतं, पोरांना दुसरीकडे नेणार कुठे? मग दोघींनी मिळून आराखडा लिहिला. वरचा मजला उम्म खालिदचा, तिच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, पोरांना न्यायचं. माझी मोडकी अरबी आणि रुक्सानाची बरी अरबी मिळून तिला समजावलं. ती म्हणाली, “यल्ला, आणा, पण बूट बाहेर.” इशारा कोण देणार? उस्मानभाई. त्याच्या दारातल्या उतारावर मी दोन रेघा आखल्या. पाणी पहिलीला लागलं की फोन, आणि त्याच क्षणी पोरं वर. ‘थोडं थांबून बघू’ नाही. हळू चालणारे आधी निघतात, बाकीचे हसत असले तरी. दुसऱ्या रेघेला पोरं वर पोचलेली असायला हवीत.

पहिल्या तालमीची गंमत सांगते. नर्सरीत शिरताना पोरं बूट काढून रॅकवर ठेवतात, आपली पद्धत. मी शिट्टी वाजवली आणि सांभाळणाऱ्या बाईंनी बावीस पोरांना ओळीत बसवून बूट घालायला घेतले. डावा-उजवा, बेल्ट, लेस. पंधरा मिनिटं गेली. जिना चढायला आणखी दहा. वर उम्म खालिद दारात उभी: बूट बाहेर! पुन्हा बावीस जोड काढायला बसलो. त्या दिवशी पूर आला असता तर आम्ही सगळे नीट बेल्ट लावून बुडालो असतो. दुसऱ्या तालमीपासून अनवाणी. चार मिनिटं.

बाकी बयेची हौस काही गेली नव्हती. शिट्टी, गळ्यात कार्ड, दारावर पाच रंगांचा तक्ता. उस्मानभाई म्हणायचा, “आली बघ जपानची पोलीस.”

एप्रिलमध्ये तो पाऊस आला. सकाळी आभाळ काळं होतं, पण आईबापांना ऑफिसला जायचंच होतं. मी रिटायर होऊन महिना झाला होता, माहूजला घरीच होते. साडेदहाला फोन. “बाय, पहिली रेघ भिजली.”

मी गाडीची किल्ली घेऊन खाली धावले आणि बिल्डिंगच्या दारातच थांबले. समोरच्या रस्त्याचं तळं झालं होतं, दोन गाड्या त्यात बंद पडलेल्या. तुबलीला जाणं शक्य नव्हतं. शिट्टी माझ्या गळ्यात होती. वाजवायला कोणी नव्हतं.

रुक्सानाला फोन लावला, उचलेना. उस्मानभाईला लावला.

“काय झालं?”

“काय नाय झालं. पोरं भायेर आली. पन जिना बंद हाय. अरबीनबाई सकाळीच हॉस्पिटलात गेली, खालच्या फाटकाला कुलूप.”

माझ्या आराखड्यात ‘कुठे’ असा रकाना होता. त्यात एकच नाव होतं. दुसरं मी लिहिलं नव्हतं. मोरिता-सानने तीनदा सांगितलं होतं, जागा दोन असू द्या. मी वहीत लिहूनही घेतलं होतं, अधोरेखित करून.

“पानी कुठवर?” मी विचारलं. घाबरले की माझा ण पण गावाला जातो.

“दुसरीच्या जवळ.” मग फोनवरून तो दुसऱ्याच कोणाला तरी ओरडला, “गाद्या सरकवा रे! शिडी धरा, दोघं दोन बाजूंनी!”

“उस्मानभाई, माळा?”

“मग काय पत्र्यावर नेऊ? ठेव फोन, हात पायजे मला.”

फोन ठेवायचं त्याला सुचलं नाही, बहुतेक खिशात टाकला. म्हणून मी सगळं ऐकलं. बिल्डिंगच्या दारात उभी राहून, कानाला फोन. रुक्सानाचा आवाज, एक, दोन, तीन. मधेच कोणी रडतंय, कोणी गातंय. एक पोरगी ठणकावून विचारते, “अंकल, बूट बाहेर?” आणि उस्मानभाई म्हणतो, “तुला बूट हायत कुठे, चढ!” मग वीस. एकवीस. मग काही नाही. आणि मग रुक्साना, दमलेली, “बावीस. आंटीला सांगा कोणीतरी, बावीस.”

मी पायरीवर बसले. वॉचमनने पाणी आणून दिलं. पाणी!

दुपारी पाऊस थांबला. आईबाप पँटचे पाय वर दुमडून, चपला हातात घेऊन पोचले. प्रत्येकाला आपलं पोर घ्यायला शिडीने वर जावं लागलं. प्रत्येकाने अकरा गाद्या पाहिल्या, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले कपडे, पत्र्याखालची ती ऊब. आपली पोरं त्या गाद्यांवर बिस्किटं खात बसलेली. एका बाईने फक्त, उतरताना, चादर झटकून नीट केली. रुक्सानाच्या नर्सरीत पाणी भिंतीवरच्या उंच कपाटाला टेकलं होतं. छोट्या खुर्च्या तरंगत होत्या.

इथे कथा गोड संपवता आली असती. पण माळा आता चाळीस माणसांनी पाहिला होता, आणि उस्मानभाईला हे शिडी धरतानाच माहीत होतं. पोरांचे आईबाप गॅरेजच्या मालकाला भेटले, भलं करायच्या हेतूनेच, आणि दोन महिन्यांत त्या अकरा जणांना अराद भागात रीतसर खोली मिळाली. खिडकी आहे, परवानगी आहे. व्हिसा कोणाचा गेला नाही, इंशाल्ला जाणारही नाही. पण तुबलीत आता गॅरेज बंद झालं की कोणी नसतं. रेघ भिजली तर बघणारं कोणी नाही. पूर-पथकाला कायद्यात जागा का द्यावी लागते, हे मला तेव्हा कळलं. रुक्सानाने नर्सरी पहिल्या मजल्यावर नेली. जागा घेण्याआधी तिने मला विचारलं नाही. उस्मानभाईला विचारलं. मला जरा लागलं, आणि मग बरंही वाटलं.

नव्या नकाशात ती गल्ली गडद निळी आहे. नकाशाच्या कोपऱ्यात माहिती कुठून मिळाली ते लिहितात. तिथे आता ‘गॅरेजच्या शटरवरील रेघा, तुबली’ असं छापलंय. बर्वेसाहेबांनी एक अक्षरही बदललं नाही.

पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी मी गॅरेजात गेले होते. शटरच्या चौकटीवर मरूनच्या वर चांगली वीतभर ओल दिसत होती. उस्मानभाईने ब्रश माझ्या हातात दिला. “तू मार या वेळची. रंग कुठला देऊ? गाडी तर एकपन नाय, सगळ्या भायेर काढल्या होत्या.”

मी डबे बघितले. “पांढरा द्या.”

“पांढरा? दिसायचा नाय.”

“दिसेल. द्या.”

मी वाकून रेघ मारली. कंबर धरली, पण रेघ बऱ्यापैकी सरळ आली. उस्मानभाईने बारीक ब्रश बुडवला आणि नाव लिहायला खाली बसला. “कोनाची लिहू? गाडी कोनाची?”

मी सांगितलं. तो हसला, आणि रेघेशेजारी, डॉक्टरीणबाईच्या मरूनच्या वीतभर वर, सावकाश लिहिलं: ‘मॅडमचा पांढरा नकाशा.’